नंदलालचा उजवा पाय

मुर्री गावात नंदलालला ओळखायचं असेल तर चेहऱ्याकडे नाही, पायाकडे बघावं. खाटेवर बसलेला असो की पानठेल्यावर उभा असो, त्याच्या उजव्या पायाचा चवडा हळूच खाली दबतो, सैल सुटतो, पुन्हा दबतो. नव्या माणसाला वाटतं, याला वाताचा त्रास दिसतो. गावाला माहीत आहे की नंदलाल गाडी चालवतो आहे.

गाडी म्हणजे त्याची क्रीम रंगाची जुनी पद्मिनी. तरुणपणी तो गोंदियाच्या एका धान मिलच्या सेठकडे ड्रायव्हर होता. सेठने नवी गाडी घेतली आणि जुनी भंगारात जायला निघाली, तेव्हा नंदलालने ती मागून घेतली. घरची थोडी धानाची शेती होतीच. लग्नसराई आली की पद्मिनी धुऊन, झेंडूच्या माळा बांधून तो नवरदेवाच्या दारात नेऊन उभी करायचा. आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या जोडप्यांच्या लग्नाच्या फोटोत मागे ती उभी आहे.

लग्नाची गाडी पळवता येणं हे काही कौतुक नाही. कौतुक ती रांगवण्यात आहे. बँडवाले पुढे, नाचणारे त्यांच्या मागे, त्यांच्या मागे गाडी. दोन हात सरकायचं आणि थांबायचं. कोणाचा मामा बोनेटसमोर लोळण घेतो, तो उठेपर्यंत थांबायचं. वर मे महिन्याचं ऊन. आताच्या गाड्यांना हे जड जात नाही, पेट्रोल किती आणि हवा किती हे त्यांच्यातला कॉम्प्युटर बघतो. पद्मिनीत ते काम कार्बोरेटर नावाचं एक मुठीएवढं भांडं करतं. पाय रेसवरून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून, काढला की बारीकशा भोकातून येणाऱ्या पेट्रोलवर इंजिनाने आपलं आपण जिवंत राहायचं असतं. मिस्त्री लोक याला ‘स्लो’ म्हणतात. स्लो बिघडला की पाय काढल्याबरोबर गाडी थरथरते आणि बंद पडते.

वरातीत गाडी बंद पडणं म्हणजे नुसती फजिती नव्हे. नवरी सासरी निघाली आणि गाडी बंद पडली, तर म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतात. पुढे त्या घरात भांडण झालं की पहिला उल्लेख गाडीचा होतो. म्हणून नंदलालने वर्षानुवर्षं आपली एक पद्धत बसवली होती. हाताशी हँडब्रेक, पायाखाली रेस. इंजिनाचा आवाज जरा बसला की पाय आपोआप खाली जायचा. मेंदूला विचारायची गरजच नव्हती.

या वर्षी त्याच्या स्वतःच्या पोरीचं, डिंपलचं लग्न ठरलं. मुलगा आमगावकडचा. पाहुण्यांनी नवरीसाठी मोठी एसीची गाडी आणायची तयारी दाखवली. डिंपलने सरळ नकार दिला.

“गावच्या समद्या पोरी आपल्या गाडीत गेल्या,” ती म्हणाली. “त्याईच्या गाडीवरचे फुलं मी येचले. आता माही पाळी आली तं मीच कायले दुसऱ्याच्या गाडीत जाऊ?”

नंदलाल सुखावला. मग त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर तो नसेल. नवरीचा बाप पोरीला स्वतः सासरी नेऊन सोडत नाही. गाडी नवरदेवाचा धाकटा भाऊ हिमांशू चालवणार, असं पाहुण्यांनी ठरवूनही टाकलं होतं. पोरगा चांगला, गाडीही चांगली चालवतो, पण नव्या काळातली. त्याचा पाय रेसवरून निघाला की निघाला.

आणि पद्मिनीचा स्लो होळीपासून बिघडला होता. सकाळी थंड इंजिन छान गुरगुरायचं. तापलं की कचरायचं. गेल्याच महिन्यात एका वरातीत नंदलाल मान वळवून कोणाशी बोलत होता, तेवढ्यात ती बंद पडली आणि बँडवाल्यांनी ढोल खाली ठेवून तिला धक्का मारला. त्याने उन्हाला दोष दिला. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर ओला पोत्याचा तुकडा बांधला. दरवर्षी बांधायचा, त्याने थोडा फरकही पडायचा. या वेळी पडला नाही.

लग्न आठ-दहा दिवसांवर आलं, तेव्हा त्याने घनश्यामला घरी बोलावलं. घनश्याम गोंदियाचा मिस्त्री, नंदलालचा मिलच्या दिवसांपासूनचा दोस्त. बाप छत्तीसगडचा, आई इकडची, त्यामुळे त्याच्या तोंडात कोणतीच भाषा धड एकटी येत नसे.

“क्या नंदू, पोरीच्या लग्नात गाडी का इलाज?” असं म्हणत त्याने बोनेट उघडलं.

त्याने आधी प्लग काढून पाहिले. ठीक होते. कॉन्टॅक्ट पॉइंट घासून त्यातलं अंतर नीट केलं. कार्बोरेटरचं झाकण काढलं, आत साचलेलं पेट्रोल फडक्यावर ओतून कचरा बघितला, तो नव्हता. स्लो जेट, म्हणजे ती बारीक भोकाची नळी, काढून फुंकला आणि उजेडाकडे धरला. भोक स्वच्छ होतं.

“क्या क्या बदला इसमें?” घनश्यामने विचारलं.

“काईच नाई बावा. एअर फिल्टर साफ केला. आन खालचं पॅकिंग तं होळीलेच नवं टाकलं.”

“फिर छोड. नई चीज को कौन छेडता है.”

कार्बोरेटर इंजिनावर जिथे बसतो, तिथे मध्ये एक पातळ पॅकिंग असतं, म्हणजे दोन धातूंच्या मधून बाहेरची हवा आत शिरू नये. हे पॅकिंग नंदलाल कधी विकत आणत नसे. दर लग्नाची एक पत्रिका त्याच्याकडे यायची. जाड, खरखरीत पुठ्ठ्याची. तो तीच कापायचा, तेलात बुडवायचा आणि बसवायचा. त्यातही त्याचा नियम होता. गणपतीवर कात्री चालवायची नाही, नवरा-नवरीच्या नावावर तर मुळीच नाही. ‘विनीत’ आणि ‘लग्नस्थळ’ चालतं. अशा पत्रिकांवर पद्मिनी किती वर्षं धावली होती.

घनश्यामने शेवटी रेसचा स्क्रू थोडा चढवला. नंदलाल सीटवर बसला, त्याने गाडी सुरू केली, गावाला एक फेरी मारली, अंगणात आणून उभी केली. इंजिन एकसारखं चालत होतं.

“हो गया,” घनश्याम हात पुसत म्हणाला. “जेवायला काय आहे, वहिनी?”

सुशिलाबाई, नंदलालची बायको, ताट वाढायला आत गेली. नंदलाल सीटवरच बसून आवाज ऐकत होता. डिंपल हळदीच्या साड्या दोरीवर टाकत होती. ती मधेच थांबली आणि गाडीजवळ आली.

“बाबूजी, खाली उतरा.”

“काऊन?”

“उतरा तं खरं. चालू राहू द्या.”

“अगं, चालूनच राहिली ना!”

“तुमचा पाय चालवून राहिला तिले.”

नंदलालने खाली बघितलं. पाय रेसवर होता. किती वेळापासून होता, त्याला सांगता आलं नसतं. त्याने तो उचलला, तसं इंजिन खोकल्यासारखं झालं. तो दार उघडून एक पाय जमिनीवर टेकवतो न टेकवतो, तोच गाडी बंद पडली. अंगणात एकदम शांत झालं.

घनश्यामने कपाळावर हात मारला. “मतलब मैं एक घंटे से तेरे पाय का इलाज कर रहा था!”

“मले समजलंच नाई बावा.”

“लहानपणापासून बाजूले बसली मी,” डिंपल म्हणाली. “घरात खाटेवर बसले तरी तेच करते ते. आईले विचारा.”

“झोपेतबी करते,” सुशिलाबाई आतून म्हणाली. “माह्या पायाले लागते.”

जेवण राहिलं. घनश्यामने नंदलालला गाडीपासून लांब, आंब्याखाली उभं केलं. “यहाँ से हिलना नहीं. बेटी, तू बैठ. पाय वर घेऊन बस.”

डिंपलने गाडी सुरू केली आणि पाय सीटवर घेऊन मांडी घातली. इंजिन लटपटायला लागलं, तसं घनश्यामने चोक जरासा ओढायला सांगितलं. चोक म्हणजे हवा कमी करायची खुंटी. खुंटी ओढल्याबरोबर इंजिन सावरलं. परत आत ढकलली, परत लटपटलं. घनश्यामने कार्बोरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू आत-बाहेर फिरवून पाहिला, इंजिनाने दाद दिली नाही.

आंब्याखालून नंदलाल म्हणाला, “हवा.”

“हां, हवा. कहीं से चोरी की हवा ले रही.” घनश्यामने तेलाच्या कुपीने एकेक जोडावर थेंब सोडायला सुरुवात केली. एका नळीवर सोडले, काही नाही. दुसरीवर, काही नाही. मग कार्बोरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेला सोडले. इंजिन क्षणभर गप्प, गुळगुळीत चाललं. तेल आत ओढलं गेलं आणि ते पुन्हा लटपटलं.

घनश्यामने मागे वळून बघितलं. “नई चीज, नंदू.”

आंब्याखालून निघून नंदलाल घराकडे चालला होता.

“कहाँ चला?”

“पानी प्याले.”

“पाणी बाद में. इधर आ, अपने हात से खोल.”

इंजिन निवल्यावर नंदलालने दोन्ही नट सोडले आणि कार्बोरेटर उचलला. खालचं पॅकिंग अर्धं वर चिकटलं होतं, अर्धं खाली. ते पुठ्ठ्याचं होतं, पण त्यावर चकचकीत प्लास्टिक चढवलेलं. तापून प्लास्टिक आक्रसलं होतं, फुगे आले होते आणि एका बाजूने पुठ्ठ्यापासून सुटून वर आलं होतं. गार असताना ते कसंबसं दबून बसायचं. तापलं की तोंड उघडायचं. डिंपलने ते चिमटीत धरून उजेडात घेतलं. सोनेरी अक्षरं करपली होती, तरी वाचता येत होती. चि. सौ. कां. आणि त्यापुढे तिचं नाव.

“हे माही पत्रिका हाय!”

“हो.”

“नावावरून कापली?”

“छापखान्यातून गठ्ठा आला त्या दिवशी.” नंदलाल कार्बोरेटर पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. “म्हटलं, दुसऱ्याईच्या पोरीच्या पत्रिकेवर एवढे वर्ष चालली. आता आपल्या पोरीच्या...”

“आन मीच बंद पाडून राहिली गाडी!” डिंपलला हसू आवरेना. “बाबूजी, तो पुठ्ठा नाई, वरून प्लास्टिक हाय. मीच पसंत केलती ना ते. चमकणारी पाह्यजे म्हणून.”

“मले काय माहीत? पत्रिका म्हणजे पत्रिका.”

“तेल लावून बसवली का?”

“लावलं ना. पिलंच नाई तिनं तेल. तवाच समजाले पाह्यजे होतं,” नंदलाल म्हणाला. मग थोडं थांबून, “समजलंबी होतं थोडं. पन काढाले मन नाई झालं.”

सुशिलाबाई दारात ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, “पोरीचं नाव इंजिनात कोंबाले मन झालं, हे बरं हाय.”

घनश्याम खो खो हसला आणि आता तरी जेवू द्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डिंपल आईबरोबर बांगड्या घ्यायला गोंदियाला गेली. परत आली तेव्हा हिरव्या चुड्याच्या पिशवीतून तिने पॅकिंग शीटचा काळपट तुकडा काढला. मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो तसला, खास याच कामाचा. नंदलालने कार्बोरेटरचं बूड त्यावर टेकवून पेन्सिलने आखलं, कात्रीने कापलं, भोकं पाडली. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. दोन्ही नट त्याने आळीपाळीने, थोडे थोडे आवळले, म्हणजे एका बाजूला जास्त दाब येऊ नये. मग चढवलेला रेसचा स्क्रू खाली आणला, मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने फिरवला. आता इंजिन स्क्रूचं ऐकत होतं. इकडे फिरवलं की मंदावायचं, तिकडे फिरवलं की घोगरं व्हायचं, मधे एका जागी गोड चालायचं. तिथे त्याने हात काढला. भर दुपारी गाडी अंगणात चालू ठेवून तो मुद्दाम किराणा दुकानापर्यंत चालत गेला. तिथून काही ऐकू येईना, म्हणून घाईने परत आला. चालू होती.

तरी लग्नाच्या दिवशी त्याचं सगळं लक्ष गाडीकडे होतं. मुहूर्त टळून चालला होता, जेवणात पाहुण्यांच्या पंगतीला मठ्ठा कमी पडला, सुशिलाबाई दोनदा रागावली. तो हो हो म्हणत होता.

पोरीच्या पाठवणीची वेळ झाली. ऊन अजून उतरलं नव्हतं. डिंपल मागच्या सीटवर बसली, शेजारी नवरदेव. हिमांशू पुढे बसला. नंदलालने खिडकीतून त्याला चोक दाखवला, गिअर दाखवला. सांगायचं खूप होतं. “जपून नेजो,” एवढंच बोलला.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंनी बायका, कोणी रडत होती, कोणी खिडकीतून हात आत घालत होती. नंदलाल बाजूने चालत होता. हिमांशू क्लच दाबायचा, सोडायचा, रेसला पाय म्हणून लावत नव्हता. गाडी सरकायची, थांबायची.

गावाच्या शिवेवर मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाण आहे. नवरी घेऊन जाणारी गाडी तिथे थांबते, नारळ फुटतो आणि मग पुढे जाते. नंदलालने असे कितीतरी नारळ फुटताना पाहिले होते, पण कायम सीटवरून. नारळ कोणी दुसरा फोडायचा आणि हा रेस धरून बसायचा. हिमांशूने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून खाली उतरला. गाडी चालूच. सीट रिकामी. पोराने नारळ फोडला, पाणी पुढच्या चाकावर शिंपडलं आणि येऊन नंदलालच्या पाया पडायला वाकला.

नंदलाल तसाच उभा. त्याची मान बोनेटकडे वळलेली. आतून बारीक, एकसारखी गुरगुर येत होती. बोनेटवरच्या झेंडूच्या पाकळ्या तालात हलत होत्या.

“अवो, पोरगा वाकून राहिला!” सुशिलाबाईने त्याला कोपर मारलं. “आशीर्वाद द्या ना!”

“हो, हो. सुखी राहा.” त्याने हिमांशूच्या डोक्यावर हात ठेवला.

डिंपलने खिडकीतून बाहेर बघितलं. रडून तिचे डोळे लाल झाले होते. तिने बापाच्या चेहऱ्याकडे नाही, खाली पायाकडे बघितलं. नव्या चपलेतला उजवा पाय मातीवर सपाट टेकला होता.

“बाबूजी,” ती म्हणाली, “ऐकून राहिले ना?”

“ऐकून राहिलो.”

हिमांशू सीटवर बसला. गाडी शिवेबाहेरच्या रस्त्याला लागली, तिने गिअर बदलला आणि आवाज लांब लांब गेला. बायका परत फिरल्या. सुशिलाबाईने डोळे पुसले आणि मंडपातल्या खुर्च्या मोजून परत द्यायच्या आहेत, याची आठवण करून दिली. नंदलाल चालायला लागला. थोडं चालून तो उभा राहिला आणि त्याचा चवडा पुन्हा खाली दबू लागला, पण तोवर गाडी पार दिसेनाशी झाली होती.