उजव्या पायातले चाळ

चिंचेने पितळ घासलं की येणारा आंबूस वास मला अजून कॉलेजच्या सभागृहात नेऊन उभं करतो. मी विद्यार्थी प्रतिनिधी होते आणि पुरुषांची मानली जाणारी जाखडी स्नेहसंमेलनात आम्ही मुली नाचणार, हे प्राचार्यांशी भांडून मंजूर करून घेतलं होतं. पावसची एक मैत्रीण आम्हाला शिकवायची. वडिलांचा नाच बघत बघत ती शिकली होती. त्यांचेच, चिंचेने घासून लख्ख केलेल्या पितळी घुंगरांचे चाळ उजव्या पायात बांधून तिने ठेका धरला की आमच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. कार्यक्रमाच्या दुपारी वडील आले आणि खाली बसून त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या पायातले चाळ सोडले. मी तावातावाने बोलू लागले, तर म्हणाले, “बाय, कॉलेजात तू पुढारी. माझ्या घरात नाय.” ती खाली मान घालून त्यांच्यामागून गेली. गोलात तिची जागा मोकळी ठेवून आम्ही नाचलो, बक्षीसही मिळालं. ती मात्र कॉलेजात परत आली नाही. परवा लांज्याच्या स्टँडवर सासूसोबत दिसली. मी जाखडीचा विषय काढला, तर सासूकडे बघत म्हणाली, “कुठला नाच गो?” आणि तिने उजवा पाय साडीखाली ओढून घेतला.