चार वाजताची हर्रास

रिलीज तिसऱ्यांदा पुढे ढकलल्याचा ईमेल आला तेव्हा मी शेलूबाजारच्या चौकात मानोऱ्याच्या जीपमध्ये बसलो होतो. जीप भरायची होती, म्हणून वेळ होता. तिथूनच पुण्याला निखिल सरांना फोन लावला. ते आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण सर.

"सर, यात्रा वीस दिवसांवर आली. आता कायले पुढं ढकललं?"

"गजाननराव, फक्त दोन आठवडे. तीन-चार चांगले फीचर्स येतायत. ते घेऊनच जाऊ."

"आणि दोन आठवड्यांनी अजून तीन-चार आले तर?"

"तुम्ही उगाच चिडता."

चिडतो, हे खरं आहे. जीपमधली माणसं आपलं बोलणं थांबवून माझ्याकडे बघत होती. मी फोन ठेवला.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्याचं आहे. पेशंटचं नाव, आजार, औषधं, कोणतं औषध चालत नाही, हे सगळं टॅबलेटवर नोंदवायचं. ते ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. कुणीही वापरावं, कुणीही सुधारून पाठवावं. पाठवलेल्या सुधारणा गोळा करून, तपासून, ठरावीक दिवशी नवीन आवृत्ती बाहेर काढतात. त्याला रिलीज म्हणतात. मी टेस्टिंग बघतो. म्हणजे लोकांनी केलेल्या कामातल्या चुका काढतो. हा धंदा मला जमतो. रिसोडला एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता मी तो स्वतः शिकलो. कोणत्या कॉलेजात नाही.

हेच पुण्याच्या लोकांना पचत नाही. दोन वर्षांपूर्वी मी रिलीज काढायचा अधिकार मागितला होता. निखिल सर म्हणाले, "तुम्ही फील्डवर फार छान काम करता." आणि अधिकार एका इंजिनिअरला दिला. तो चार महिन्यांत नोकरी बदलून गेला. मी अजून इथेच आहे. ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

यात्रा पोहरादेवीची. तिथे एका ट्रस्टचं आरोग्य शिबिर लागणार होतं. शिबिराच्या प्रमुख कल्पना मॅडम डॉक्टर आहेत, आणि आमचं सॉफ्टवेअर त्या वर्षभर वापरतात. त्यांनीच एक गडबड पकडली होती. मानोरा तालुक्यातल्या एका वस्तीतल्या नऊ पेशंटांची नोंद उघडली की एकच माणूस दिसायचा. वय बासष्ट, गरोदर, डाव्या पायाला प्लास्टर.

तेव्हाच मी त्या वस्तीवर जाऊन आलो होतो. तिथल्या आरोग्यसेविका सुनीताबाईंनी पाच मिनिटांत उलगडा केला.

"सगळ्याईचा नंबर एकच हाय, भाऊ."

"काहून?"

"लोक ऊस तोडाले गेले, फोन बी संगंच गेले. राह्यला तो किराणावाल्याचा. मंग सगळे त्याचाच सांगतात."

सॉफ्टवेअर पेशंटला मोबाइल नंबरावरून ओळखत होतं. पुण्यात एका माणसाकडे दोन नंबर असतात. एका नंबरावर नऊ माणसं असतील हे तिथे कुणाच्या डोक्यात आलं नाही. नंबर जुळला की ते दोन्ही नोंदी आपोआप एक करायचं. शिबिरात हजारो लोक येणार. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर गेली तर काय होईल हे डॉक्टरला सांगावं लागत नाही. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "गजूभाऊ, नवीन आवृत्ती आली तर टॅबलेट. नाही तर मी कागदावर करीन. तपासल्याशिवायचं काही मला देऊ नका." कागदावर म्हणजे रांग दुप्पट, आणि जुनी नोंद कुणाचीच हाताशी नाही.

दुरुस्ती तयार होती. श्वेता नावाच्या आमच्या प्रोग्रामरने ती दीड महिन्यापूर्वीच केली होती: नंबरासोबत नाव आणि जन्मतारीखही जुळली तरच एक माणूस. पण ती रिलीजमधूनच बाहेर पडणार, आणि रिलीज निघत नव्हतं. कारण साधं आहे. नवीन बदल आत घेतला की सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं. शर्टाची एक गुंडी बदलली तरी अख्खा शर्ट अंगात घालून बघायचा, तसं. आम्ही सहा दिवस तपासायचो, सातव्या दिवशी कुणीतरी म्हणायचं, "एवढं छोटंसं घेऊ या." की पुन्हा पहिला दिवस.

मानोऱ्याला पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

माझे वडील रिसोडच्या धान्यबाजारात मापारी होते, धान्य मोजून द्यायचे. सोयाबीनचे ढीग लागलेले असतात. हर्रास, म्हणजे लिलाव, एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत जातो. मालकाने आपल्या ढिगाजवळ उभं राहायचं. तो चहाला गेला असेल तर कुणी त्याला शोधत बसत नाही. बोली पुढच्या ढिगावर जाते. त्यामुळे चारशे ढीग दोन तासांत उरकतात. आमचे एकतीस बदल दोन महिन्यांत उरकत नव्हते.

मी सगळ्यांना मेसेज पाठवला. उद्या दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉल. यादीतला एकेक बदल पुकारला जाईल. ज्याने तो केला त्याने हजर राहायचं आणि तो तपासणारी दोन माणसं सोबत आणायची. नसेल तो बदल पुढच्या रिलीजला. कुणाला राग आला तर माझा नंबर सगळ्यांकडे आहे.

दुसऱ्या दिवशी चारला मी पुकारायला सुरुवात केली.

"नंबर एक. मालक?"

"मी आहे," कुणीतरी म्हणालं.

"तपासणारे?"

"ते... बघतो."

"पुढच्या रिलीजला. नंबर दोन."

पहिले पाच जण हसले. सहाव्याने आपल्या बायकोला आणि मेव्हण्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मी त्याचा बदल ठेवला. बाविसावा बदल निखिल सरांचा होता. कोणत्या गावात किती पेशंट ते दाखवणारा रंगीत नकाशा. सर कॉलवर नव्हते. त्यांचा मेसेज होता: मीटिंगमध्ये आहे, माझं ठेवा.

मेसेज मी सगळ्यांना वाचून दाखवला.

"मालक ढिगाजवळ नाही," मी म्हणालो. "नंबर तेवीस."

एकतीसपैकी अकरा उरले, श्वेताची दुरुस्ती धरून. अर्ध्या तासात सरांचा फोन आला.

"हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"कोणीच नाही. कोणाजवळच नव्हता, म्हणून तर तीन तारखा गेल्या."

"नकाशा या रिलीजमध्ये जायलाच हवा. मी लोकांना शब्द दिलाय."

"मग घ्या. पण टेस्टिंग पहिल्यापासून, आणि शिबिर कागदावर. एवढं मॅडमला तुमीच सांगा. लावतो त्यांना लाइनवर."

त्यांना नको म्हणायला वेळ मिळू नये म्हणून मी लगेच मॅडमना फोन लावला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नकाशा बघून मी पेशंटला काय देऊ?"

सर म्हणाले, "ठीक आहे. नकाशा नंतर."

गिऱ्हाईक नरमलं की तिथेच सौदा करायचा असतो. मी म्हणालो, "अजून एक. माझ्या होकाराशिवाय आत काही येणार नाही, असं सगळ्यांना लेखी कळवा. पुढच्या चार रिलीजपर्यंत."

"चार? शक्य नाही. हे एकच."

"तीन."

"गजाननराव, दोन. त्यापुढे नाही."

मला दोनच हवे होते. मी थोडा वेळ नाराज राहिलो आणि हो म्हणालो.

मग टेस्टिंग. आठ दिवस दिले होते. पुण्याची मंडळी 'टेस्ट एक, टेस्ट दोन' अशी नावं टाकून तपासतात. मी टॅबलेट घेऊन सरळ सुनीताबाईंच्या वस्तीवर गेलो आणि खरी माणसं बसवली. सात दिवस सगळं सुरळीत. आठव्या दिवशी, आता संपलंच म्हणताना, दोन म्हाताऱ्या जावा आल्या. दोघींचं नाव शांताबाई. आडनाव अर्थात एक. नंबर किराणावाल्याचा.

"जन्मतारीख?" मी विचारलं.

"एक जानेवारी," पहिली म्हणाली.

दुसरीने आधार कार्ड पुढे केलं. तिचीही एक जानेवारी, सालही तेच.

"असं कसं?"

सुनीताबाई हसायला लागल्या. "भाऊ, जन्मतारीख कोणाले ठावं हाय? कार्डवाल्यानं सगळ्या म्हाताऱ्यायले एकाच दिवशी पैदा केलं."

सॉफ्टवेअरने दोन्ही शांताबाईंची एक करून टाकली. धाकटी म्हणाली, "बरं झालं. आता औषध तू खा, मी बरी होतो."

मला मात्र हसू आलं नाही. रिलीज उद्यावर होतं. तारखेसाठी भांडलो होतो मी, आणि ती तारीख मलाच मोडायची वेळ आली होती. श्वेताला फोन केला.

"एक दिवस देता?" तिने विचारलं.

"एकच. आणि हुशारी नको. आपोआप जोडणं बंद कर. सारखी नावं दिसली की समोरच्या माणसाला विचार, हे दोघं एकच आहेत का?"

"एवढंच?"

"एवढंच. सुनीताबाईला दोन जावा वेगळ्या दिसतात. तुझ्या मशिनीला नाही दिसत."

रिलीज एका दिवसाने पुढे गेल्याचा ईमेल मी स्वतः पाठवला. निखिल सरांनी त्यावर एक हसरा चेहरा पाठवला. पाठवू द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासणाऱ्यांना एकदम बसवून सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं; दोन्ही शांताबाई वेगळ्या झाल्या, अकराही बदल पास झाले, आणि तिसऱ्या दिवशी, यात्रेच्या नऊ दिवस आधी, मी रिलीज काढलं. बटण मी दाबलं. मग टॅबलेट भरले, सेविकांना शिकवलं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या तंबूत उभा होतो. बाहेर इतकी गर्दी की धुळीत माणूस दिसेना. एक बाई ताप घेऊन आली. नंबर तोच, किराणावाल्याचा. टॅबलेटवर त्या नंबराखाली तेवीस नावं आली. सुनीताबाईंनी तिला नवऱ्याचं नाव विचारून एक नाव उघडलं. वर लाल पट्टी होती: पेनिसिलिन चालत नाही. मॅडमचा पेन चिठ्ठीवर टेकला होता. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि दुसरं औषध लिहिलं. माझ्याकडे बघितलं आणि "पुढचा," म्हणाल्या. डॉक्टरकडून यापेक्षा जास्त कौतुक होत नाही.

यात्रा संपल्यावर पुढच्या रिलीजची यादी लागली. पहिल्याच चार वाजताच्या कॉलला निखिल सर दोन मिनिटं आधी हजर होते. सोबत दोन तपासणारे. नकाशाला आठ चुका निघाल्या. मी त्या सगळ्यांसमोर एकेक करून वाचल्या, घाई न करता.

कोणत्याही प्रोजेक्टला माझा एवढाच सल्ला आहे. तारीख पाळायची असेल तर नाही म्हणायला एक माणूस नेमा. तो कुणाला फारसा आवडत नसेल तर काम आणखी लवकर होतं.