न पाहिलेली काच

रक्ताचा थेंब काचेवर पसरला, की ती सुकेपर्यंत तो वरून टोपी हलवत बसायचा. ओलं रक्त माशा चाटून नेतात. "हे माशीचं जेवन नाई, भाऊच्या दुर्बिनीचं आहे," तो म्हणायचा. भाऊ म्हणजे मी, कुरखेड्याकडच्या एका आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासणारा. तो हिवतापाचा कर्मचारी. गावोगाव पायी हिंडून तापाच्या माणसांचं रक्त आणायचा.

स्वतःचं काम संपावं म्हणून झटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलं, की तो खिडकीत बसून बोलू लागायचा, जणू झोपेतच.

"पाहजो भाऊ, एक दिवस मी सारं जंगल फिरून येईन, कोनालेच ताप नसन अन् काचांची पेटी रिकामी राहीन. मंग तू काय करशीन?"

"झोपेन."

"आतापन तेच करून राह्यला!"

आम्ही दोघं हसायचो. पण ते खरं होतं.

एका आषाढात काचांचा ढीग साचला. मी कंटाळलो होतो. शेवटच्या काही काचा भिंगाखाली न ठेवताच मी त्यांच्यापुढे 'निगेटिव्ह' लिहिलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी तो कमरेपर्यंत भिजून आला. नदीपलीकडची एक पोटुशी बाई तापात बरळत होती.

"तिची काच पुन्हा पाह्य ना, भाऊ."

पाहिली. फिक्या गुलाबी पेशींत हिवतापाच्या जंतूंच्या जांभळ्या अंगठ्या तरंगत होत्या. किती तरी. दिसायला सुंदर.

त्याने माझा चेहरा पाहिला. "काऊन नाई पाह्यली?"

तो तसाच ओल्या कपड्यांनी परतला आणि चौघांच्या खांद्यावर तिची खाट घेऊन आला. बाई वाचली. पोटातलं बाळ गेलं. त्याने कुठेच माझं नाव घेतलं नाही.

मागच्या वर्षी तो वारला. यंदा नदीपलीकडच्या त्याच गावात एकाला हिवताप निघाला, तेव्हा सगळ्यांची तपासणी करायला मीच किट घेऊन गेलो. रांगेतल्या एका बाईने बोट पुढे केलं.

"तुमीच ना काचवाले भाऊ? तो टोपीवाला सांगे, तुमी माही काच दुसऱ्यांदा काढून पाह्यली, म्हनून मी वाचली."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पहिल्या वेळेचं तेवढं त्याने गाळलं होतं.

मला तेवढंच सांगायचं होतं. पण मी तिचा थेंब किटवर सोडला आणि पंधरा मिनिटं मान वर न करता बघत राहिलो. एकच रेघ उमटली, म्हणजे जंतू नाहीत.

"झालं का, भाऊ?" तिने विचारलं.

मी अजून पाहतच होतो.