घुग्घुसच्या वरातीतला भोंगा

साळ्याच्या वरातीचा ठरलेला बँड मी रद्द करायला लावला, कारण त्या सुमारास मी संगणकाची एक भाषा शिकत होतो.

आता हे वाक्य वाचलं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असा प्रश्न मलाही पडतो. तेव्हा तो संबंध मला लख्ख दिसत होता.

ऊर्जानगरला माझी नोकरी. वीज केंद्रात शिफ्ट, क्वार्टरमध्ये बिऱ्हाड. एकदा लॅपटॉपमधून उगाचच टुंग टुंग असा आवाज येऊ लागला. तो बंद कसा करायचा हे नेटवर शोधत होतो, तर हाती लागली एक भाषा, जिच्यात लिहिलं की आवाज निघतो. म्हणजे आवाज बंद करायला बसलो होतो आणि उठलो तो आणखी दहा आवाज सुरू करून.

भाषा सोपी. ‘प्ले’ लिहून पुढे साठ लिहिलं की एक सूर. पासष्ट लिहिलं की त्याच्या वरचा. मध्ये ‘स्लीप’ लिहायचं, म्हणजे तेवढा वेळ गप्प. पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या गाण्यात ही झोपेची ओळ विसरलात तर ती भाषा चिडते आणि पुढे जायचं नाकारते. शिफ्ट ड्यूटीवाल्या माणसाची इतकी काळजी आमच्या साहेबांनीही कधी केली नव्हती. मी तिच्या प्रेमातच पडलो. शाळेत समूहगीताच्या वेळी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. इथे तर ओठही हलवायचे नव्हते.

पहिली रचना तयार झाली तेव्हा बायको गच्चीवरून धावत खाली आली.

“अहो, मिक्सर चालू राह्यला का?”

हा माझ्या संगीतावरचा पहिला अभिप्राय. तो मी मनावर घेतला नाही.

पुढे कळलं की या भाषेत बाहेरचे आवाजही घालता येतात. मोबाईलवर रेकॉर्ड करायचे आणि हव्या त्या वेगानं वाजवायचे. कुकरची शिट्टी पाव वेगानं वाजवली तर बंदरातून मोठं जहाज निघाल्यासारखी वाटते. मग मी मोबाईल पुढे धरून घरभर आणि कॉलनीभर हिंडू लागलो. कंपनीच्या बसचं दार, पाण्याची मोटर, शेजाऱ्यांचं घोरणं. शेजाऱ्यांनी खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली.

अशातच बायकोच्या भावाचं, म्हणजे साळ्याचं, लग्न जुळलं. तो कुरखेड्याचा, धानाची शेती करणारा. मुलगी घुग्घुसची, वडील कोळसा खाणीत. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही सगळे घुग्घुसला गेलो. चहा चालला होता, देण्याघेण्याचं नाही, नुसतं पानसुपारीचं बोलणं चाललं होतं, इतक्यात बाहेर भोंगा वाजला. तुटक तुटक, घशातून काढल्यासारखा. मुलीचे वडील बोलता बोलता थांबले. रस्त्यावरून जाणारी माणसं जवळच्या ओसरीत, टपरीत, मिळेल त्या छपराखाली शिरली. सगळं घुग्घुस गप्प. मग जमिनीतून धडाम असा आवाज आला, बशीतला चहा हलला आणि लांबलचक दुसरा भोंगा झाला. माणसं रस्त्यावर आली, आणि मुलीच्या वडिलांनी वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं.

“ब्लास्टिंग होते जी खाणीत,” ते आम्हाला म्हणाले. “पहिला भोंगा झाला का छपराखाली जायचं. धमाका होऊ द्याचा. मंग निंगायचं. लेकरायलेही सांगा लागत नाई.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी त्या वेळी मोबाईलवर भोंगा रेकॉर्ड झाला की नाही ते बघत होतो.

घरी येऊन तो भोंगा पाव वेगानं वाजवला, आणि काय सांगू! एखादा म्हातारा वाघ झोपेत गुणगुणावा तसा खर्ज. त्यावर मी ठेका बसवला, वर सूर पेरले. नवरीच्या गावचाच आवाज तिच्या लग्नात! ही कल्पना मला इतकी आवडली की मी थेट कुरखेड्याला सासऱ्यांना फोन लावला.

“बँड कॅन्सल करा. वरातीचं संगीत माझ्याकडे.”

“तुमाले वाजवता येते?” सासरे घाबरून म्हणाले.

“वाजवायचं नसतं, लिहायचं असतं.”

जावयाला नाही कसं म्हणायचं, एवढा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता. शेवटी त्यांनी बँडवाल्याला नाही म्हटलं.

बायकोनं मात्र मला समोर बसवलं. “पाहा जी, मले एकच भाऊ आहे. कुरखेड्यात अशी वरात झाली नाई का जिच्यात तो नाचला नाई. चपला तुटेपर्यंत नाचला लोकायच्या लग्नात. आता त्याच्या वरातीत लोकायनं नाचावं, एवढंच त्याचं म्हणणं आहे. तुमच्या त्या मिक्सरवर नाचतीन का कोणी?”

“नाचतील,” मी म्हणालो. संगीतकारानं म्हणावं तसं म्हणालो.

लग्नाच्या दिवशी घुग्घुसच्या रस्त्यावर ऊन असं पडलं होतं की सावलीलाही चटका बसावा. पुढे ‘छोटा हत्ती’ नावाचा तो लहानगा मालवाहू टेम्पो, त्यात दोन मोठे स्पीकर आणि मध्ये खुर्चीवर मी, डोक्याला दुपट्टा बांधून, मांडीवर लॅपटॉप. मागे कुरखेड्याची मंडळी. त्यांच्या मागे घोडीवर साळा. घोडी नवरीकडच्यांनी ठरवून दिलेली, घुग्घुसचीच. मंडप दिसत होता आणि तिथं नवरीकडचे सगळे हार घेऊन उभे होते.

मी गाणं सुरू केलं. मंडळी ऐकू लागली. तीच अडचण होती. वरातीत कोणी ऐकत नसतं. दोन-चार जणांनी एकेक पाय उचलून पाहिला आणि तो कुठं टाकावा हे न कळल्यामुळे परत होता तिथंच ठेवला. एक मामा नाचायचं म्हणून हात वर करून उभे होते, ते तसेच राहिले.

“भाऊजी!” मागून घोडीवरून साळ्याची हाक आली. आवाज रडवेला. “पब्लिक नाचून नाई राह्यली! जरा फास्ट करा ना!”

मी वळून पाहिलं. मुंडावळ्यांच्या मागून तो ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होता, ती मला बघवेना. दुसऱ्यांच्या लग्नात तोडलेल्या सगळ्या चपला त्या नजरेत होत्या.

फास्ट करणं म्हणजे एक आकडा बदलणं. वाजत्या गाण्यात आकडा बदलता येतो हीच तर या भाषेची शान. पण त्या उन्हात लॅपटॉपच्या पडद्यावर मला माझाच चेहरा दिसत होता, अक्षरं नाही. अंदाजानं खाली गेलो, पॉइंट पंचवीस होतं ते खोडलं, तिथं एक लिहिलं आणि बटण दाबलं.

ती ठेक्याची ओळ नव्हती. ती भोंग्याची ओळ होती.

झोपलेला वाघ उठला. दोन मोठ्या स्पीकरांमधून, पूर्ण वेगानं, घुग्घुसचा अस्सल भोंगा, तुटक तुटक.

मंडपापुढचे हार घेऊन उभे असलेले लोक एका क्षणात गेले. पळापळ नाही, आरडाओरडा नाही. सवयीनं, शिस्तीत, छपराखाली. टपरीवाल्यानं चहा झाकला. रस्त्यावरचे ट्रक थांबले. कुरखेड्याच्या बहुतेकांना काहीच माहीत नव्हतं, पण समोरचे आत शिरताहेत म्हटल्यावर तेही मिळेल त्या दारात शिरले. वर हात केलेले मामा हात खाली न घेताच शिरले. आणि घोडीही घुग्घुसची. तिनं कान टवकारले, वळली आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन आपल्या तबेल्याच्या छपराकडे दुडक्या चालीनं निघून गेली. घोडीवाला लगाम धरून मागे धावत होता.

मी लॅपटॉपच झाकला. भोंगा थांबला. आता सगळं ठीक होईल असं मला वाटलं.

कोणीच बाहेर येईना.

“या ना जी!” मी ओरडलो.

समोरच्या ओसरीतून नवरीच्या वडिलांचा आवाज आला. “असे कसे येऊ? धमाका कुठी झाला अजून?”

“तो भोंगा माझा होता! धमाका होणारच नाही!”

“मंग तर बिलकूल नाई येत. न फुटलेला लय वाईट असते!”

खाणीतल्या माणसाशी यावर वाद घालण्याइतकी माझी पात्रता नव्हती. मुहूर्त जवळ येत होता. रस्त्यावर मी, छोटा हत्ती आणि ऊन, एवढेच होतो. तेवढ्यात सासरे एका दारातून बाहेर आले, माझ्याकडे न बघता पुढे गेले, वरातीच्या फटाक्यांच्या पिशवीतून एक सुतळी बॉम्ब काढला आणि पेटवला.

धडाम!

सगळं घुग्घुस निश्चिंत होऊन रस्त्यावर आलं. नवरीच्या वडिलांनी हार सारखा केला.

आता नवरदेव नव्हता. घोडी तबेल्यातून हलायला तयार नाही असा निरोप आला, आणि त्याच्या मागून साळाच पायी पायी आला, गुडघ्याला शेण, मुंडावळ्या एका कानावर. त्याला तसा बघून पहिली हसली ती बायको. म्हणजे माझी. मग दोन्हीकडचे हसले. छोट्या हत्तीच्या ड्रायव्हरनं गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी ठेका धरला, साधा, कोणालाही कळेल असा, आणि घोडी नसल्यामुळे मोकळा झालेला नवरदेव आपल्याच वरातीत नाचायला लागला. मग कोण थांबतो! मामांच्या वर केलेल्या हातांनाही काम मिळालं. मंडपापर्यंतचा तो एवढासा रस्ता संपता संपत नव्हता. पंडितजी मंडपातून घड्याळ दाखवत होते.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. मी पानाचा विडा घेऊन साळ्याशेजारी जाऊन बसलो. तो खुशीत होता. क्षमा मागायला आलो होतो, पण माणसाचा स्वभाव जात नाही.

“भोंग्याचं सोडून दे रे,” मी म्हणालो. “पण त्याच्या आधीचं गाणं? ते कसं वाटलं?”

त्यानं शांतपणे जिलबीचा तुकडा संपवला.

“खरं सांगू का भाऊजी? पूर्ण गाण्यात तो भोंगाच बरा होता.”