वजन उतरव, पुढे तूच

त्यांनी मला आंब्याच्या फांदीला टांगलं.

फांदीला भाताची पोती तोलायचा हुकाचा काटा बांधला होता. माझ्या कमरेला चढाईचा पट्टा होता, हार्नेस. तो हुकात अडकवला आणि पुण्याच्या गिर्यारोहण क्लबचे सर म्हणाले, "पाय वर घे." मी पाय वर घेतले. गरगर फिरले. आधी डोंगर दिसला, मग तंबू, मग हसणारी तोंडं, मग परत डोंगर.

"बोकड टांगल्यासारखी दिसतेय," कुणीतरी म्हणालं. पुण्याची पोरं हसली. सरही हसले. मग काट्याकडे बघून त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, भाजीचा भाव पुकारावा तसा. वर म्हणाले, "खाणं आवर जरा. तुमच्यात काय काय खातात ते माहितीय मला."

तुमच्यात. हा शब्द मी शाळेपासून ओळखते. तो कुणाच्याही तोंडातून आला तरी त्याला तोच वास असतो.

माझ्यामागे सुगंधा होती. कड्याखालच्या वाडीतली, घरी शेळ्या-म्हशी, अंगाने दणकट. तिलाही टांगलं. ती खाली उतरली आणि सरांकडे बघून म्हणाली, "शेळी आमी नदरेनं इकतो. तिला पन असा टांगत नाय." आणि घरी निघून गेली. परत कॅम्पला आली नाही.

मी राहिले.

पुण्याच्या मुलींचंही वजन झालं. पण त्यांच्यासाठी तंबूत काचेचा काटा होता. एकेक आत जायची, पडदा ओढायची, बाहेर यायची. आकडा तिला आणि सरांना, बस्स. मी विचारलं, आमचं वजन त्या काट्यावर का नाही? सर म्हणाले, "तो नाजूक आहे."

मी महाडची. बौद्धवाडीत वाढले. आई बाजारात सुकी मासळी विकते. शाळा सुटली की मी तिच्या टोपलीमागे बसायचे. भाव कसा लावायचा, गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की गप्प कसं राहायचं, ते तिथे शिकले. पुढे वीर स्टेशनवर उतरणाऱ्या गड बघायला आलेल्या लोकांना गाडी, जेवण, वाटाड्या मिळवून द्यायला लागले. मध्ये कुणी दलाल नाही. माझं मी. राग नाकावर, पण शब्दाला पक्की. त्या लोकांच्या सामानात दोर असायचे. एकदा गंमत म्हणून दोर बांधून चढले आणि कळलं, हे मला येतं. बोटं कातळ सोडत नाहीत.

सरांनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, महाडची." मी गाव सांगितलं नव्हतं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक कडा आहे. काळा, उभा, मधोमध पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला. त्यावर कुणी चढलेलं नाही. क्लबला तो चढायचा होता; त्यासाठी काही महिने ते दर सुट्टीला येऊन कॅम्प लावत. मला तो सगळ्यांच्या पुढे चढायचा होता. पुढे चढणाऱ्याला वरून दोराचा आधार नसतो. दोर तोच खालून वर नेतो, आणि त्याने नेलेल्या दोरावर बाकीचे येतात. आयुष्यभर मी दुसऱ्याने सोडलेल्या दोरावर चढत आले होते. आता दोर मला न्यायचा होता.

सर म्हणाले, "त्या पोटावर वजन नडतं. चार किलो वजन उतरव, पुढे तूच."

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर बोला."

ते सगळ्यांसमोर बोलले. मी हात पुढे केला. त्यांनी हात दिला नाही, लांबून अंगठा दाखवला. सौदा झाला असं मी धरलं.

मग मी स्वतःला कापायला घेतलं. भात बंद. कोकणात जन्मलेल्या माणसाने भात बंद करायचा म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. सकाळी उकडलेले मूग, रात्री काकडी. आई तव्यावर बोंबील भाजायची तेव्हा मी घराबाहेर जाऊन उभी राहायचे. शेजारच्या म्हातारीने भाकरीचा तुकडा कुत्र्याला टाकला आणि मी त्या तुकड्याकडे बघत राहिले. लिहितानाही तोंड कडू होतं.

सुरुवातीला बरं वाटलं. अंग हलकं झालं, पाय चटकन उचलले जायचे. सर म्हणाले, "बघ, सांगितलं होतं ना." मग बोटांतली ताकद गेली. चढताना डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे. केस गळायला लागले. पाळी थांबली. क्लबातल्या एका मुलीला घाबरत सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, भारीच की! कटकट गेली. माझी तर केव्हाची बंद आहे." ती जेवण झालं की झाडामागे जाऊन घशात बोट घालायची. परत येऊन ओठ पुसायची आणि सेल्फी काढायची. काचेचा काटा तिच्याही अंगातलं रक्त पीत होता. फक्त पडद्याआड.

वजन करायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं नाही, हा सरांचा नियम होता. पाण्याने आकडा फुगतो म्हणे. चढाईच्या आदल्या संध्याकाळी मी घरी होते. आईने जेवायला हाक मारली, मी नको म्हटलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तोही बाजूला सारला.

"पानी पन नको? काय गो, आजारी हायस का?"

"सरांनी सांगितलंय. उद्या वजन आहे."

आई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"त्यानं सांगितला पानी पिऊ नको, आनि तू नाय पीत?"

"तसंच असतं त्यात."

"महाडात?" आई म्हणाली. "महाडात ऱ्हाऊन, कुनी सांगितला म्हनून पानी पीत नायस तू?"

मी म्हटलं, "आई, हे खेळातलं आहे. ते वेगळं."

"तुजी आजी उपाशी ऱ्हायली ती घरात खायाला नव्हता म्हनून. तू भरल्या घरात उपाशी ऱ्हातेस. कोनासाटी गो? त्यानं शाबास म्हनावा म्हनून?"

मी तिच्यावर ओरडले. सौदा झालाय, तुला काय कळतंय, असं काहीतरी. तिने तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि झोपायला गेली. मी पाणी प्याले नाही.

सकाळी कड्याखाली पोचले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. परत आंबा, परत हूक, परत गोल फिरणं. काटा सरांनी मागितलेल्या आकड्यावर थांबला. त्याच्याही खाली गेला थोडा. "गुड," सर म्हणाले. मी हार्नेस घट्ट केला, दोराचं टोक हातात घेतलं.

"ते रोहनला दे," सर म्हणाले. "आज तो पुढे जाईल. तू बिले दे."

बिले म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर धरायचा. तो पडला तर आपण थांबवायचं.

रोहन क्लबच्या अध्यक्षांचा मुलगा. व्यायामशाळेत कमावलेलं भरदार अंग. त्याला कधी कुणी टांगलेलं मी पाहिलं नाही.

मी म्हटलं, "सर, ठरलं होतं."

"शूटिंगवाले आलेत. त्यांना सराईत चेहरा लागतो. आणि तू बघ स्वतःकडे, किती ओढलेली दिसतेस. ताकदच नाही राहिली तुझ्यात."

माझी ताकद कुणी काढून नेली हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. कॅमेरे चालू होते. मी दोर धरला.

रोहन कड्याच्या पोटापर्यंत गेला आणि तिथून सुटला. त्याचं अंग खाली आलं आणि माझं वर गेलं. साधा हिशेब आहे. तो भारी, मी हलकी. दोराने मला जमिनीवरून उचललं आणि कातळावर आपटलं. खांदा, मग गाल. तोंडात रक्त आलं. हात मी सोडला नाही. सोडला असता तर तो दगडांवर आला असता.

सर ओरडले, "रोहन! ठीक आहेस ना?"

मग माझ्याकडे बघून, "नीट उभं राहता येत नाही का तुला? जरा वजनच नाही पोरीत!"

आणि हसले. शूटिंगवालाही हसला.

हे ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी थंड झालं. मी रागीट बाई आहे. राग आला की मला घाम फुटतो, आवाज चढतो. या वेळी तसं काही झालं नाही. फक्त किळस आली. सरांच्या टोपीची, पांढऱ्या दातांची, त्या अंगठ्याची. आणि माझ्या कोरड्या जिभेची, जिने या माणसाच्या शब्दावर पाणी सोडलं होतं. जास्त होते तेव्हा माझ्या अंगात चूक होती. कमी झाले तेव्हाही माझ्याच अंगात चूक. या काट्यावर माझ्यासाठी बरोबर असा आकडाच नव्हता. आई हे तांब्या हातात धरून सांगत होती.

रोहनला मी सावकाश खाली उतरवलं. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत दोर सोडला नाही. मग क्लबचा हार्नेस काढून सरांच्या पायाशी ठेवला. ओढ्यावर गेले. ओंजळीने पाणी प्याले, तोंडातलं रक्त थुंकले, परत प्याले. सगळे बघत होते.

"काय चाललंय?" सर म्हणाले. "कॅम्प सोडून जायचं नाही असं."

"सौदा तुम्ही मोडलात, सर."

"सौदा? हा काय बाजार आहे?"

"बाजार बरा. तिथं एकदा तोललं की गिऱ्हाईक मागे फिरत नाही."

ते म्हणाले, "तुम्हा लोकांना संधी दिली तरी पचत नाही."

मी म्हटलं, "संधी माझी होती. तुम्ही ती मला उपाशी ठेवून रोहनला वाढलीत."

आणि चालत खाली आले. खांदा लोंबत होता. गाडीत बसताना ड्रायव्हरने विचारलं, काय झालं, पडलात का? मी म्हटलं, नाही.

त्या दिवशी कडा कुणालाच जमला नाही. क्लबवाले आंब्यावरचा काटा सोडवून घेऊन पुण्याला गेले.

खांदा बरा व्हायला वेळ लागला. पाळी यायला त्याहून जास्त. घरी पोचले तेव्हा आईने ताट वाढलं. भात, जवळ्यासारखं बारीक कोलीम, वर तेलाची धार. पहिला घास घशात अडकला, दुसरा गेला. आता अंग भरलंय. बोटांत ताकद आलीय. आणि मी आधीपेक्षा वर जाते. कसं, ते सरांना सांगायला मी जाणार नाही.

मी सुगंधाच्या वाडीवर गेले. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, दोर धरशील? ती म्हणाली, "तुज्यासारकी उडायची नाय मी. पाय रोवून उभी ऱ्हाते म्हशीगत." आता शिवथरच्या बाजूच्या कातळांवर आम्ही दोघी चढतो. दोर माझा, घासाघीस करून घेतलेला. तिथे कुणी कुणाला काय खाल्लं ते विचारत नाही. चढायच्या आधी भाकरीचं फडकं सोडतो आणि खातो.

परवा सरांचा मेसेज आला. क्लब परत येतोय. स्थानिक मुलगी पुढे असली तर चांगलं दिसेल. या वेळी नक्की पुढे तूच, फक्त थोडं वजन बघ.

मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं की घासाघीस सुरू होते. आणि घासाघीस हा माझा धंदा आहे, म्हणून मला माहीत आहे की काही मालावर तोंड उघडायचंच नसतं. माझ्या घासावर कुणाशीही बोलणी होणार नाहीत. तो पुण्याचा असो, मुंबईचा असो, उद्या आमच्यातलाच कुणी शिट्टी गळ्यात घालून आला तरी नाही. आमच्या वाडीतल्या ज्या पोरींना आता चढायचंय, त्यांच्या आयांना मी घरी जाऊन सांगून आलेय: पोरीला कुणी काट्याला टांगायला लागला तर मला फोन करा, मी येते.

पाऊस सरला, कातळ सुकला की तो कडा मी चढणार. क्लबच्या आधी. त्या पोटावरून सुटले तर परत चढेन, परत सुटले तर परत. दोर मी वर नेणार. आणि त्या सकाळी घरून निघताना मी पोटभर भात खाल्लेला असेल.