ओवाळणीत गेलेला डोंगर

गेल्या वर्षभरात मी साडेतीन गेम खेळले. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या, गुडघे कुरकुरायला लागलेल्या बाईने हे वाक्य चारचौघांत म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मोबाइलवरचे का?" नाही, मोबाइलवरचे नाहीत. टीव्हीला जोडायचं मशीन, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर, सोफ्यावर मांडी घालून, रविवारी दुपारी. लोक वामकुक्षी घेतात, मी खेळते. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

पहिला गेम शेतीचा. त्याची सगळीकडे वाहवा. द्राक्षाचा वेल लावायचा आणि जेवून हात धुवून यायचं, तोवर घड तयार. ना छाटणी, ना भुरी रोग, ना गारा. गावातली माणसं रोज सकाळी उठून मला फुलं आणून देणार. नाशिक जिल्ह्यात राहून असला खोटेपणा सहन होत नाही. पैसे मोजले होते म्हणून दात-ओठ खात संपवला. दुसरा भुताचा. त्यातली बाई तळघरात आवाज आला की एकटीच खाली जाते, तीही मिणमिणती बॅटरी घेऊन. सेल बदलायला काय झालं होतं, मेलीला? तिसरा स्वयंपाकाचा. गिऱ्हाईकं ओरडतायत, तव्यावर जळतंय, घड्याळ पुढे धावतंय. घरी दिवसभर हेच केल्यावर बाईने हौसेने परत हेच करावं, ही कल्पना नक्की कुठल्या तरी पुरुषाच्या डोक्यातून निघालेली असणार. त्या गेमची डिस्क कोणी मागितली असती तर मी वर नारळ ठेवून दिली असती.

राहिला अर्धा. तो मात्र माझा जीव की प्राण.

त्यात एक बाई पाठीवर मिठाचं पोतं घेऊन डोंगर चढते. डोंगरापलीकडच्या गावात मीठ नाही, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, घड्याळ नाही. वारा, दगड, धाप. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्या अंगठ्याने बघायचं. डावी दांडी पुढे ढकलली की बाई पाऊल टाकते, उजवी फिरवली की नजर फिरते. खाली, वर, मागे, जिकडे म्हणाल तिकडे. मी त्या डोंगरावर कितीतरी रविवार नुसती बघत उभी राहिले आहे. अर्ध्या वाटेवर दोरांचा एक पूल आहे, त्याच्या फळ्या जागोजागी तुटलेल्या. तिथे खाली बघितल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. मी त्या पुलापाशी पोचले आणि त्याच आठवड्यात गंगापूर रोडवर माझी गाडी घसरली.

रस्ता खोदून खडी तशीच टाकून गेलेले लोक कोण होते, हे मला कधी कळलं तर त्यांच्या दारात नेऊन मी ती खडी ओतणार आहे. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड मोडलं. प्लास्टर झालं. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकीने मला एकच प्रश्न विचारला, "पोळ्या लाटता येतील ना गं परत?" सख्ख्या मावशीने विचारला, शेजारणीने विचारला, ऑफिसातल्या बाईने फोन करून विचारला. गाडी चालवता येईल का, सही करता येईल का, हेसुद्धा कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या अंगठ्याची किंमत पोळपाटापाशी सुरू होऊन तव्यापाशी संपत होती. खेळता येईल का, हा प्रश्न मी एकटीच मनातल्या मनात विचारत होते, आणि तो मोठ्याने विचारायची मला लाज वाटत होती, याचाही मला राग येत होता.

प्लास्टर असतानाच एकदा कंट्रोलर हातात घेऊन बघितला. डावा हात चालत होता, म्हणून बाई चालत होती. पण बघता येईना. तशीच पुलावर गेले आणि पहिल्याच तुटलेल्या फळीतून मिठासकट खाली. परत गेले, परत खाली. शेवटी कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि नवऱ्याला म्हणाले, "फेकून दे ते सगळं." हे वाक्य त्याने जपून ठेवलं. बाकी मी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहत नाही.

दिवाळीच्या आधी प्लास्टर निघालं. भाऊबीजेला मी माझ्या भावाकडे गेले आणि नवरा त्याच्या बहिणीकडे, पिंपळगाव बसवंतला. दोघंही दमून परत आलो. दुसऱ्या दिवशी मी व्यायामाला गेले. तिथली फिजिओथेरपिस्ट मुलगी मला रबरी चेंडू दाबायला लावायची. अंगठा काठीसारखा ताठ झाला होता. मी भीतभीतच विचारलं, "मी गेम खेळायचे. आता ते बंदच ना?" ती म्हणाली, "बंद कशाला? त्याच्याइतका चांगला व्यायाम मी तरी काय सांगू? रोज थोडं खेळा, दुखलं की थांबा."

घरी येईपर्यंत मला दम निघत नव्हता. चप्पल काढली, पर्स टाकली आणि टीव्हीपुढे बसले. टीव्हीखालचा खण रिकामा. दिवाळीची साफसफाई झालेली, त्यामुळे मशीनच्या जागी धुळीचा चौकोनसुद्धा उरला नव्हता.

"मशीन कुठे आहे?"

"ते होय," नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "ताईला दिलं. ओवाळणीत. भाचा खेळेल म्हटलं. दरवर्षी काय साडीच द्यायची?"

"मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय? तसंही तुला आता जमणार नव्हतं. आणि तूच म्हणालीस ना, फेकून दे?"

"रागात माणूस काहीही बोलतो! तू दर सोमवारी म्हणतोस, नोकरी सोडतो. मी जाऊन तुझा राजीनामा देऊन आले का?"

त्याने पेपर खाली ठेवला. खरंच काय बिघडलं ते त्याला समजत नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. याने चांगल्या मनाने केलं होतं. "एवढं काय मग, नवीन घेऊ," म्हणाला. नवीन मी माझ्या पगारातूनही घेऊ शकत होते. पण माझंच असलेलं मी दुसऱ्यांदा का घ्यायचं? आणि माझा डोंगर त्या मशीनमध्ये होता. अर्ध्यापर्यंत चढलेला.

आता ओवाळून ताटात पडलेली वस्तू परत मागणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. तिचं नाव पुढची दोन लग्नं आणि एक बारसं होईपर्यंत सगळ्या नातेवाइकांत चघळलं जातं. म्हणून मी गप्प बसले. चेंडू दाबत बसले. मोबाइलवर रंगीत खडे जुळवायचा एक गेम घेतला, त्यात दर तीन खड्यांमागे एक जाहिरात. तोही काढून टाकला. नवऱ्याशी कामापुरतं बोलत होते. त्याला वाटलं, माझा हात दुखतोय.

संक्रांत झाली आणि नणंदेचा फोन आला, "हळदीकुंकवाला ये गं." मी एक मोठी पिशवी घेतली आणि एकटीच एसटीत बसले. ठरवूनच निघाले होते. नाव चघळतील तर चघळू देत, लोकांना तेवढंच तोंडी लावणं. वाटेत द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो एकामागून एक जात होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. ताई, राग मानू नका. नाही, हे नको. ताई, राग मानायचा तर माना.

त्यांचं घर हायवेपासून थोडं आत आहे, मागेच माल भरायची शेड. हंगाम असल्यामुळे सगळी माणसं शेडमध्ये, हळदीकुंकवाच्या बायका यायला अजून वेळ. पायरीवर पाय ठेवला आणि मला वारा ऐकू आला. बाहेर पान हलत नव्हतं. तो माझ्या डोंगरावरचा वारा होता.

आत ताई जमिनीवर बसल्या होत्या, टीव्हीच्या अगदी जवळ, मांडीवर कंट्रोलर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, केस पिकलेले, हळदीकुंकवासाठी काढलेली चांगली साडी अंगावर. मला बघून त्यांनी कंट्रोलर पदराखाली घेतला.

"पोराचं हाय," त्या म्हणाल्या. "तो गेला पुण्याला हॉस्टेलवर. पडून पडून खराब होतं म्हणून जरा लावलं."

हे वाक्य मला पाठ होतं. आमच्याकडे कोणी आलं की मीही तेव्हा हेच सांगायचे, पाहुण्यांच्या पोरांसाठी ठेवलंय. मी टीव्हीकडे बघितलं. बाई पुलाच्या पलीकडे होती. बरीच पलीकडे.

"ताई, तुम्ही पूल ओलांडलात?"

"लय पडले," त्या एकदम खुलल्या. "पडून पडून पाठ झालं, कुठं फळी नाय ते."

"खाली बघून चालायचं ना."

"खाली कसं बघायचं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. मुलगा मशीन जोडून देऊन गेला होता आणि आईला एवढंच सांगून गेला होता, की डावं ढकललं की बाई चालते. उजवी दांडी कशासाठी आहे ते सांगायची कोणाला गरज वाटली नव्हती. ताई दोन महिने नाकासमोर बघत डोंगर चढत होत्या. दिसेल तेवढंच, समोरचं.

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा उजवा अंगठा धरून दांडीवर ठेवला. "हे फिरवा. हळू."

टीव्हीवरचा डोंगर फिरला. मागचा पूल दिसला, दोऱ्यासारखा बारीक. त्याखाली चढण, त्याखाली ओढा, आणि अगदी तळाशी ती बाई जिथून निघाली ते गाव.

"मागं एवढं हाय?" ताई म्हणाल्या. मग दांडी अजून थोडी फिरवून, "मी चढले हे?"

त्या चालायचं विसरल्या. नजर फिरवत राहिल्या, वर, खाली, परत मागे. आणि मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी भांडायला आले होते आणि समोर भांडायला कोणी नव्हतं. एका माणसाने सहज उचलून एकीची वस्तू दुसरीच्या ताटात टाकली होती, आणि आता ती परत घेणारी वाईट ठरणार होते मी. तो घरी आरामात पेपर वाचत असणार.

तरी मी म्हणाले. "ताई, हे माझं आहे. मी खेळते ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझं? तो तर म्हणाला, घरात नुसतं पडून हाय, कोणी खेळत नाय."

"मी दर रविवारी त्याच्या समोर बसून खेळायचे."

ताईंनी कंट्रोलर खाली ठेवला. उठून त्यांनी मशीन बंद केलं, वायरी काढून एकेक गुंडाळली, एका धुतलेल्या टॉवेलात सगळं बांधलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं. मी नको म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. येतो तो फक्त राग.

"आजवर मला काय पाहिजे, त्यानं कधी विचारलं नाय," त्या म्हणाल्या. "साडी आणतो. तीबी दुकानदार देईल ती. ह्या वक्ताला पहिल्यांदाच मनासारखं काहीतरी आलं, तर ते तुझं निघालं."

मग त्यांनी मला हळदीकुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला, त्यात बेदाणे भरून. तिळगूळ हातावर ठेवला. "गोड बोल," म्हणाल्या. "त्याच्याशी नाय बोललीस तरी चालंल." दाराशी येऊन एवढंच म्हणाल्या, "वर शेवटी काय हाय ते मला फोन करून सांग."

मशीन परत खणात बसलं. त्या गेममध्ये प्रत्येक खेळणाऱ्याची बाई जिथे थांबली तिथेच उभी राहते. चालू केलं तर डोंगरावर दोन बायका होत्या. पुलाअलीकडे माझी, पुलापलीकडे त्यांची. माझा अंगठा आता वाकतो, दुखतो पण वाकतो. मी पूल ओलांडला, त्यांच्या बाईजवळून पुढे गेले आणि शेवटच्या चढणीपाशी थांबले. वर जाववेना.

रविवारी चहाच्या वेळी नवरा ताईंच्या डब्यातले बेदाणे खात होता. "बघ," म्हणाला, "दिलंच ना ताईने? उगाच दोन महिने डोकं तापवून घेतलंस."

मी कप खाली ठेवला. "तुझ्या बहिणीला असं मशीन घेऊन दे."

"तिला? ती काय करणार त्याचं?"

"खेळणार. माझ्यापुढे गेली होती ती."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला. "बरं, बरं. मागवतो आजच. पिंपळगावला परस्पर पोचेल."

"आधी तिला विचार. हेच हवं का, दुसरं काही हवं, की काहीच नको."

"त्यात विचारायचं काय?"

मी त्याचाच मोबाइल उचलला, ताईंचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या हातात दिला.

"हॅलो," ताई म्हणाल्या. "हॅलो? बोल की रे."

तो माझ्याकडे बघत राहिला. आपल्या सख्ख्या मोठ्या बहिणीला काय हवंय ते कोणत्या शब्दांत विचारायचं, हे त्याला खरोखर येत नव्हतं. "कसं विचारू?" असं त्याने हाताने मला विचारलं. मी नुसती बघत बसले. तिकडून ताई परत परत हॅलो म्हणत होत्या. त्याने घसा खाकरला, बेदाणे गिळले आणि भर चहाच्या वेळी म्हणाला,

"ताई, जेवलीस का?"