नावं गाळलेला निरोप

चिसातो कुवाबारा ही कावाजिरीची पोर. नागोसेच्या कचेरीत संगणक सांभाळायची. उशीर म्हटला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जेवायला बसली तरी हिची वाटी सगळ्यांच्या आधी रिकामी! म्हणूनच ते धरणाचं काम तिच्या वाट्याला आलं.

वरच्या धरणातून पाणी सोडलं की खोऱ्यातल्या गावांच्या भोंग्यांना आणि घराघरांत बसवलेल्या बोलक्या डब्यांना निरोप जायचा. तो आधी सगळा अक्षरांत यायचा. गाव अमुक, धोका तमुक, करायचं काय, एकेक गोष्ट नावानिशी लिहिलेली. जुन्या वायरलेसवरून ही सगळी वरात रांगत रांगत पोचायची, आणि पाणी काय कुणासाठी थांबतं होय? चिसातोनं शब्दच उडवले. यंत्राला शून्य आणि एक कळतात ना, मग तेवढंच धाडा! धरणावर आणि कचेरीत गावांची एकच यादी ठेवायची, आणि धरणानं त्याच क्रमानं नुसते धोक्याचे आकडे पाठवायचे. पंगतीत नाव विचारत न बसता वाढत जावं, तसं. डोळ्याचं पातं लवायच्या आत निरोप येऊ लागला. भोंग्यातून बोलायला आवाजही तिचाच भरून ठेवला, शुद्ध आणि मंजूळ. कावाजिरीतल्या इवाकिची आजोबांसारख्या म्हाताऱ्यांना कोण कौतुक! "आमची चिसातो बोलते," म्हणायचे, आणि भोंग्यापुढे मान लववायचे.

त्या वसंतात यादीतलं पहिलं गाव, योकोने, ओस पडलं. शेवटची म्हातारी गेली. तिचे दिवस झाल्यावर कचेरीतले नेझूसान म्हणाले, "रिकाम्या घरांना ओरडून सांगायचं, काळजी नाही म्हणून? गेलेल्या बाईची थट्टा केल्यासारखं वाटतं हो. नाव काढू का?"

"काढा की," चिसातो म्हणाली. मान वर करायचीसुद्धा तिला सवड नव्हती. नेझूसाननी कचेरीतल्या यादीतून नाव काढलं. धरणावरच्या यादीत ते तसंच राहिलं. इतकी साधी गोष्ट, पण दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये!

मग सप्टेंबरातलं वादळ आलं. भर दुपारी धरणाची दारं उघडली, निरोप आला, भोंगे वाजले. चिसातो समाधानानं चहा ओतायला उठली, तोच फोन. हिनाता गावच्या देवळातली वहिनी.

"काय गं चिसातो, आम्हाला पळा म्हणतेस? आम्ही टेकडीच्या डोक्यावर! इथून वर कुठं जायचं, आभाळात?" आणि वहिनी खदखदून हसली.

चिसातोच्या हातातली किटली खाली आदळली. यादीत हिनाता कावाजिरीच्या लगेच खाली! योकोनेचा आकडा ताकेनोला लागला, डोंगरावरच्या ताकेनोचा कावाजिरीला, आणि कावाजिरीचा हिनाताला. म्हणजे ऐन नदीकाठी तिच्या आईबापाच्या गावात तिचाच गोड आवाज आत्ता सांगत होता, "आपल्या गावास धोका नाही. कृपया घरातच थांबावे."

"नेझूसान, योकोने! धरणाच्या यादीत योकोने आहे!" ती ओरडली. नेझूसान पांढरेफटक पडले.

तिनं माईक ओढला. पण सांगणार काय? आताच ह्याच आवाजानं थांबा म्हटलं, आता पळा म्हटलं तर कोण ऐकेल? तिच्या तोंडातून निघाली ती घरची बोली.

"ए कावाजिरीवाल्यांनो, पळा रं! मघाचं समदं खोटं हाय! भांडीकुंडी सोडा, वर पळा! तोकीआत्ये, ती मांजर जाऊ दे खड्ड्यात, पळ की गं बये!"

आणि गाव पळालं. वरच्या शाळेत ओलीचिंब तोकीआत्या नंतर सगळ्यांना सांगत होती, "शुद्ध बोलली असती तर आम्ही हललो नसतो. पोरगी शिव्या द्यायला लागली, तेव्हा म्हटलं, आता खरं!" मांजर तिच्या कुशीतच होती. चिसातोचे आईबापही सुखरूप होते. लोक तिच्या पाठीवर हात फिरवत होते, आणि ती माणसं मोजत होती.

इवाकिची आजोबा नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ते घरातच सापडले, अंथरुणाजवळ. त्यांची लेक मित्सुयो शहरातून आली. चूक कशी झाली ते तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. चिसातो चिखलात गुडघे टेकून कपाळ खाली नेत होती. मित्सुयोनंच तिचे दोन्ही हात धरले.

"मी फोन केला होता गं त्यांना," ती म्हणाली. "म्हटलं, बाबा, पाऊस फार आहे, निघा. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, चिसातोनं स्वतः सांगितलंय, धोका नाही. आता डबा बंद करतो आणि जरा पडतो."